आर२११ आली तेव्हा: न्यूयॉर्क सबवेचे नवे डबे आणि रेलफॅन मंडळींचा निकाल

१० मार्च २०२३ ला न्यूयॉर्क सबवेच्या ए मार्गावर आर२११ बनावटीची पहिली गाडी प्रवासी घेऊन निघाली. कागदोपत्री ती तीस दिवसांची चाचणी होती. गाडी त्यात पास झाली, तर पुढचे डबे सेवेत घ्यायचे. रेलफॅन मंडळींसाठी, म्हणजे रेल्वेचा छंद असलेल्या हौशी लोकांसाठी, मात्र तो दिवस सणासारखा होता. कंत्राट जानेवारी २०१८ चं, चाचणीसाठीचे पहिले डबे शहरात आले जुलै २०२१ मध्ये, आणि डब्यात पाऊल ठेवायला मिळालं ते थेट २०२३ मध्ये. पाच वर्षं वाट पाहिलेली गाडी समोर आली की तिच्याबद्दल काय बोललं जातं, त्यातलं काय खरं ठरतं आणि काय नुसतं मनाचं असतं, हे या प्रकरणात नीट तपासता येतं.

रेलफॅनची प्रतिक्रिया म्हणजे जुन्याचा हळवेपणा, असं म्हणून ती बाजूला सारायची सवय रेल्वे प्रशासनांना सगळीकडेच आहे. माझं मत उलट आहे. रोजच्या प्रवाशाला जे नुसतं जाणवतं, ते रेलफॅन नावानिशी आणि मोजमापानिशी सांगतो. त्याच्या तक्रारीतला हळवेपणा वेगळा काढला, की खाली जे उरतं ते गाडी विकत घेणाऱ्याने वाचायलाच हवं.

आधी परिस्थिती. कावासाकी कंपनीला दिलेलं मूळ कंत्राट सुमारे १.४ अब्ज डॉलरचं आणि ५३५ डब्यांचं. त्यात ४४० डबे नेहमीसारखे बंद टोकांचे, ७५ स्टेटन आयलंड रेल्वेसाठी, आणि २० डबे आरपार जाता येईल असे, म्हणजे आर२११टी. जोडणी नेब्रास्कातल्या लिंकनमध्ये आणि न्यूयॉर्कला लागून असलेल्या याँकर्समध्ये. पुढे २०२२ मध्ये आणखी ६४० डब्यांची मागणी नोंदवली गेली, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये ४३५ डब्यांची. हे डबे ज्यांची जागा घेणार, त्यांत मुख्य आर४६: पुलमन-स्टँडर्डने १९७५ ते १९७८ या काळात बांधलेले, मुळात ७५४ डबे. जवळजवळ पन्नास वर्षं वापरलेला माल. तो बदलायला हवा होता याबद्दल रेलफॅन मंडळींतही फारसा वाद नव्हता. शिवाय रेडिओ संदेशांवर चालणारी नवी सिग्नल यंत्रणा मार्गांवर बसवायची, तर तिला साजेशी गाडीही हवी. आर२११ तशी तयार होऊनच आली.

नवी गाडी ए मार्गावर उतरली याचा या मंडळींना वेगळा आनंद होता. शहराने स्वतः चालवलेली पहिली सबवे १० सप्टेंबर १९३२ ला सुरू झाली, ती याच एट्थ अॅव्हेन्यू मार्गावर, मॅनहॅटनच्या उत्तर टोकाच्या २०७ व्या स्ट्रीटपासून खाली चेंबर्स स्ट्रीटपर्यंत. तेव्हाचे डबे आर१. त्यांच्यापासून सुरू झालेली ‘आर’ क्रमांकांची माळ २११ पर्यंत येऊन त्याच बोगद्यात पोचली. हा क्रम बहुतेक प्रवाशांच्या गावीही नसतो, पण रेलफॅनला तो तोंडपाठ असतो.

आता त्यांनी गाडी कशी पारखली ते पाहू.

दारं

पहिली नजर दारांवर. आर२११ चं दार ५८ इंच रुंद, म्हणजे जवळपास १४७ सेंटीमीटर. आधीच्या गाड्यांचं ५० इंच, म्हणजे १२७ सेंटीमीटर. आठ इंच ऐकायला काहीच नाही. पण रेलफॅन तिथे थांबत नाही, तो पूर्ण गाडीचा हिशोब मांडतो. आर४६ चा डबा ७५ फुटी, गाडीत आठ डबे, डब्याच्या एका बाजूला चार दारं. म्हणजे फलाटाकडे ३२ दारं. आर२११ चा डबा ६० फुटी, गाडीत दहा डबे, दारं ४०. गाडीची लांबी दोन्हीकडे साधारण ६०० फूटच. रुंदीने गुणलं तर फलाटाकडे उघडणारी एकूण जागा जेमतेम ४१ मीटरवरून जवळपास ५९ मीटरवर जाते. २०१६ मध्ये राज्य सरकारने या गाडीचं रूप जाहीर केलं, तेव्हा स्थानकावर थांबण्याचा वेळ ३२ टक्क्यांनी कमी होईल असा अंदाज दिला होता. तो आकडा प्रत्यक्षात किती उतरतो हे फलाटावरच्या गर्दीवर अवलंबून आहे. पण त्यामागचं कारण नुसती रुंदी नसून दारांची संख्याही आहे, हे जाहिरातीपेक्षा रेलफॅनच्या हिशोबात जास्त स्पष्ट दिसतं.

ए मार्गावर ५९ व्या स्ट्रीटहून गाडी सुटली की सेंट्रल पार्कच्या कडेने थेट १२५ व्या स्ट्रीटला थांबते. मधली सगळी लोकल स्थानकं ती ओलांडते. नवी गाडी पारखायला या मंडळींची आवडती जागा हीच. ती इथे वेग कसा घेते, वळणावर कशी डुलते, ब्रेक लागताना झटका बसतो का, मोटारीचा सूर कसा चढतो, सगळं एका दमात कळतं. आवाजावरून गाडी ओळखणं ही यांच्यातली साधी गोष्ट आहे. आर१६० मालिकेत काही डब्यांना अॅल्स्टॉमची विद्युतयंत्रणा आहे, तर काहींना सीमेन्सची. बाहेरून डबे सारखेच, पण डोळे मिटूनही कुठला कुठला हे सांगणारे लोक आहेत.

भरवसा ठेवायचा का?

पहिल्या आठवड्यांतल्या कौतुकाबरोबर एक सावध सूरही होता, आणि त्याला इतिहास आहे.

आर४६ स्वतः एकेकाळी बदनाम गाडी होती. सेवेत येऊन दोन-तीन वर्षं होतात न होतात, तोच तिच्या बोगींना, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटींना, भेगा पडलेल्या आढळल्या आणि पुढे प्रकरण कोर्टात गेलं. तिच्या आधीची आर४४ मुख्य सबवेतून काढावी लागली ती सांगाड्यातल्या दोषांमुळे, २०१० च्या सुमारास, आपल्यापेक्षा जुन्या असलेल्या आर३२ च्याही आधी. ताजं उदाहरण बॉम्बार्डिएच्या आर१७९ चं. डबे उशिरा आले, २०२० च्या जानेवारीत दारांच्या बिघाडामुळे सगळेच्या सगळे सेवेतून काढावे लागले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये एक गाडी धावताना मधोमध सुटली. हे सगळं पाहिलेला माणूस नव्या गाडीला पहिल्या दिवशी शंभर गुण देत नाही. ‘पाच वर्षं जाऊ देत, मग बोलू’ हे वाक्य आर२११ बद्दल वारंवार ऐकू आलं. मला ते या सगळ्या प्रतिक्रियांतलं सर्वांत शहाणं वाक्य वाटतं. तीस दिवसांच्या चाचणीत कळतं ते गाडी चालते का एवढंच. सांगाडा, बोगी, दारांची यंत्रं यांचा कस पावसाळी, बर्फाळ वर्षांत लागतो. ए मार्गाच्या समुद्राकडच्या टोकाला, रॉकअवेच्या खाऱ्या वाऱ्यात, तर आणखीच.

काचेसाठी झालेला शोक

आता ज्या तक्रारीत सगळ्यांत जास्त भावना होती ती. आर२११ ला ‘रेलफॅन विंडो’ नाही.

ही खिडकी म्हणजे काय? आर३२ चं उदाहरण घेऊ. बड कंपनीने १९६४-६५ मध्ये बांधलेले, लाटालाटांच्या स्टेनलेस स्टीलचे ६०० डबे. पहिल्या डब्याच्या पुढच्या तोंडाला मधोमध एक दार, दाराला काच. गाडी चालवणाऱ्याची केबिन उजव्या कोपऱ्यात, निम्म्या रुंदीची. त्यामुळे काचेपाशी जाऊन उभं राहायला कुणालाही मोकळीक. पुढे बोगदा, खांबांच्या रांगा, आणि अंधारात एकामागून एक येणारे सिग्नल. सिग्नल लाल असला की रुळाशेजारी एक लोखंडी दांडा वर उभा दिसायचा, आणि हिरवा होताच तो खाली पडायचा. लाल सिग्नल ओलांडणाऱ्या गाडीचा ब्रेक या दांड्यानेच लागतो. शाळकरी पोरगं दोन-चार वेळा त्या काचेशी उभं राहिलं, की सिग्नल आणि ब्रेक यांचं नातं त्याला कुणी न शिकवता कळायचं. पुढे गाडी चालवायला गेलेल्या कित्येकांची सुरुवात इथेच झाली असणार.

अशीच काच असलेली आर४२ फेब्रुवारी २०२० मध्ये निवृत्त झाली. आर३२ ची शेवटची फेरी ९ जानेवारी २०२२ ची, आणि तिला निरोप द्यायला डबे खच्चून भरले होते. तिच्याबरोबर ही काच नियमित सेवेतून जवळजवळ गेलीच. आपल्याकडे एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावर कुर्ल्याहून निघालेल्या शेवटच्या डीसी लोकलला रात्री जी गर्दी झाली, ती ज्यांनी पाहिली त्यांना या निरोपाबद्दल वेगळं सांगायला नको.

पण इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आर२११ ज्या आर४६ च्या जागी आली, त्या आर४६ लाही ही काच नव्हती. तिची केबिन पूर्ण रुंदीची, म्हणजे पुढचं दृश्य प्रवाशाला तेव्हाही बंदच. मग आर२११ वर हा राग का? चौदा महिन्यांपूर्वी आर३२ गेल्याचं दुःख ताजं होतं, आणि ते समोर आलेल्या पहिल्या नव्या गाडीवर निघालं. ती तक्रार खोटी नव्हती, फक्त तिचा पत्ता चुकला होता. पूर्ण रुंदीच्या केबिनमागे कारणंही आहेत: कर्मचाऱ्याची सुरक्षितता, बसायची नीट जागा, वाढलेली यंत्रं. आणखी एक गंमत अशी, की चालकच नसलेल्या गाड्यांत ही काच परत येते. व्हँकुव्हरच्या स्कायट्रेनमध्ये, कोपनहेगनमध्ये, पॅरिसच्या १४ क्रमांकाच्या मार्गावर पुढच्या काचेपाशी पोरं दाटीवाटीने उभी असतात. न्यूयॉर्कमध्ये चालक आहे, आणि माझ्या मते तो असायलाच हवा. तेव्हा तिथे ही काच परत मिळणं अवघड आहे.

खरं काय गेलं

आर४६ मध्ये होती आणि आर२११ मध्ये नाही, अशी खरी गोष्ट म्हणजे आडवी बैठक. आर४६ च्या डब्यात केशरी आणि पिवळ्या प्लास्टिकच्या सीट. काही भिंतीला पाठ लावलेल्या, काही खिडकीशी काटकोनात, गाडीच्या दिशेने तोंड करून बसता येईल अशा. खिडकीकडच्या सीटवर बसलं की खांदा भिंतीला टेकायचा आणि काच अगदी गालाशी यायची.

ए मार्गावर याचं मोल फार आहे. २०७ व्या स्ट्रीटपासून फार रॉकअवेपर्यंत हा मार्ग सुमारे ५० किलोमीटरचा, साऱ्या सबवेत सर्वांत लांब. अर्धाअधिक वेळ जमिनीखाली. मग क्वीन्समध्ये गाडी उजेडात येते, केनेडी विमानतळाच्या बाजूने जाते आणि जमेका उपसागरावर निघते. तिथे रूळ पाण्याच्या पातळीच्या थोडेच वर आहेत. ब्रॉड चॅनलच्या अलीकडे-पलीकडे दोन्ही बाजूंना पाणी, लव्हाळ्याची बेटं, बगळे, आणि डोक्यावरून खाली उतरणारी विमानं. आर४६ च्या खिडकीशी बसून हे सगळं मान न वळवता दिसायचं. आर२११ मध्ये सगळ्या सीट भिंतीला समांतर. आपल्या पाठीमागच्या खिडकीतून पाहायचं तर मान पूर्ण वळवावी लागते, आणि समोरच्या खिडकीतून पाहायचं तर मध्ये उभे प्रवासी.

उभं राहायला जागा जास्त हवी म्हणून हे केलं, आणि गर्दीच्या वेळी मॅनहॅटनमध्ये ते बरोबरच आहे. पण रॉकअवेहून रोज सव्वा-दीड तास प्रवास करून कामावर जाणारा माणूसही याच गाडीत बसतो. त्याला खिडकीशी डोकं टेकून झोपायला कोपरा मिळायचा, तो गेला. रेलफॅन ही तक्रार दृश्याच्या भाषेत मांडतो म्हणून ती हौशी वाटते. पण तिच्या आत लांबच्या प्रवाशाचा आराम आहे, आणि गाडीच्या माहितीपत्रकात त्याला रकाना नाही.

आरपार डबे

१ फेब्रुवारी २०२४ ला आर२११टी सी मार्गावर उतरली. हे वीस डबे, म्हणजे दहा-दहा डब्यांच्या दोन गाड्या. पाच डब्यांच्या संचात एका डब्यातून दुसऱ्यात मऊ भिंतींच्या रुंद वाटेने सरळ चालत जाता येतं. पहिल्या दिवशी १६८ व्या स्ट्रीटला रेलफॅन मंडळींनी गर्दी केली. दार उघडताच लोक बसायला धावले नाहीत, ते डब्यांच्या जोडावर जाऊन उभे राहिले. वळणावर जोड कसा वाकतो, पायाखालची तबकडी कशी सरकते, पलीकडचा डबा आपल्यापासून कसा तिरका होत दिसेनासा होतो, हे पाहायचं होतं.

मुंबईत घाटकोपर–वर्सोवा मेट्रोतून २०१४ पासून एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत जाणाऱ्या मराठी वाचकाला याचं एवढं कौतुक का, असा प्रश्न पडेल. याचं कारण आर४६ मध्ये आहे. ७५ फुटी डबे वळणावर एकमेकांपासून इतके सरकतात, की दोन डब्यांमधली दारं कुलूपबंद ठेवावी लागली. एकदा डब्यात शिरलं की पुढचं स्थानक येईपर्यंत तिथेच. उन्हाळ्यात एसी बंद पडलेला डबा वाट्याला आला, किंवा डब्यात कुणी त्रास देणारा असला, तरी सुटका नाही. न्यूयॉर्ककरांनी ही कोंडी वर्षानुवर्षं सोसली, म्हणून जोडावर उभं राहण्याचा आनंद एवढा.

ही कल्पना शहराला नवीही नाही. बीएमटी या जुन्या खासगी सबवे कंपनीच्या १९२५ च्या ‘ट्रिपलेक्स’ गाड्यांत तीन खोल्या एकमेकींना जोडलेल्या होत्या आणि मधून ये-जा करता यायची. १९६५ मध्ये त्या गेल्या. त्यानंतर जवळजवळ सहा दशकं न्यूयॉर्कच्या कुठल्याही नेहमीच्या गाडीत असं चालता आलं नाही. हे आठवून सांगणारे होते ते रेलफॅनच.

याच टप्प्यावर त्यांचा अंदाज मला कच्चा वाटला तो एका बाबतीत. आरपार डब्यांमुळे घाण, वास आणि उपद्रव गाडीभर पसरेल, असं काहींनी ठामपणे सांगितलं. दोन गाड्यांवरून, तेही पहिल्या महिन्यांत, इतकं ठाम बोलता येत नाही. गर्दी डब्याडब्यांत आपोआप वाटली जाते हा फायदा मात्र लगेच दिसतो, आणि टोरांटोत २०११ पासून, माँट्रियालमध्ये २०१६ पासून तो दिसत आलेला आहे. २०२५ मध्ये या गाड्या जी मार्गावरही धावू लागल्या. तिथे गाड्या आखूड आणि फलाट लांब, त्यामुळे गाडीमागे धावत येणारा माणूस मिळेल त्या दारात चढतो. अशा मार्गावर आत चालत जागा शोधता येणं खरोखर कामाचं आहे.

स्टेटन आयलंडबद्दल थोडक्यात. तिथे ऑक्टोबर २०२४ मध्ये आर२११एस आली आणि १९७३ पासूनच्या आर४४ ची जागा घेऊ लागली. तिथल्या प्रतिक्रिया जवळपास निखळ आनंदाच्या होत्या. पन्नास वर्षं दुसऱ्यांकडे नवे डबे जाताना पाहिलेल्या बेटावर दुसरं काय होणार?

पुढच्या मागणीच्या वेळी

या प्रतिक्रियांचा वापर कुठे व्हायला हवा, हेही सांगून टाकतो. २०१७ च्या अखेरीस आर२११ चा नमुना डबा हडसन यार्ड्स इथल्या ३४ व्या स्ट्रीटच्या स्थानकात ठेवला होता आणि लोकांना आत फिरू दिलं होतं. पद्धत चांगली. पण स्थिर नमुन्यात पाच मिनिटं फिरणारा माणूस दारं, दांडे, माहितीचे स्क्रीन पाहतो. फार रॉकअवेपर्यंत या सीटवर बसून कसं वाटेल हे त्याला तिथे सुचत नाही. ते सुचतं त्या मार्गाच्या रोजच्या प्रवाशाला आणि रेलफॅनला, म्हणून सीटची मांडणी कागदावर असतानाच या दोघांना बोलावलं पाहिजे.

सीटचा प्रश्न सुटण्यासारखा आहे याचा दाखला लंडनमध्ये मिळतो. तिथे २०१० पासून आलेल्या एस मालिकेच्या गाड्या एकाच कंत्राटातल्या. शहरातल्या गर्दीच्या मार्गांसाठीच्या एस७ मध्ये सगळ्या सीट भिंतीला समांतर. दूरच्या उपनगरांत जाणाऱ्या मेट्रोपॉलिटन मार्गासाठीच्या एस८ मध्ये मात्र काही आडव्या बैठकी ठेवल्या. सांगाडा तोच, दारं तीच, फक्त सीटची मांडणी मार्ग पाहून केली. न्यूयॉर्कमध्ये २०२५ ते २०२९ च्या आराखड्यात सुमारे १,५०० नवे डबे घ्यायचे आहेत. त्यांतले जे लांब मार्गांवर जातील, त्यांच्या प्रत्येक डब्याच्या टोकाला, दारांपासून दूर, चार-चार आडव्या सीट मागायला काय हरकत आहे? तिथे उभं राहायला तशीही फार कुणी जात नाही.